रंगभवनाचा आवाज

दौंड जंक्शनवरून मुंबईस जाणारा आमचा वाचक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून, महापालिकेच्या इमारतीवरून धोबीतलावाच्या दिशेने चालू लागला, म्हणजे त्याच्या उजव्या हातास न्यायालय, कामा रुग्णालय आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय अशा भारदस्त दगडी वास्तू लागतात. त्यांच्या आडून मागे जाणाऱ्या गल्लीस लोक रंगभवनची गल्ली म्हणतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी याच गल्लीत धारातीर्थी पडले, आणि 'रंगभवन' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला तो त्या रात्रीपासून. परंतु ज्या वास्तूमुळे त्या गल्लीस हे नाव मिळाले तिच्याविषयी फारसे कोणी विचारले नाही. ती वास्तू त्या वेळी पाच वर्षे मुकी होती.

रंगभवन हे राज्य शासनाचे खुले नाट्यगृह. वर आकाश, समोर रंगमंच आणि बसावयास साधी व्यवस्था. तेथे नाटके झाली, नृत्ये झाली. पण आम्ही येथे लिहीत आहोत ते या जागेच्या एका वेगळ्या आयुष्याविषयी. सुमारे पाव शतक रंगभवन हे मुंबईतील रॉक संगीताचे घर होते. शिरूर-दौंडच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. तरी त्यांनी थोडा धीर धरावा. ज्या कायद्याने हे घर बंद झाले तोच कायदा आपल्या गावच्या जत्रेत रात्री दहा वाजता येऊन उभा राहतो.

रॉक संगीताविषयी आपल्याकडे एक समजूत आहे, की तो केवळ गोंगाट आहे. वस्तुतः अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची दुःखगीते आणि तेथील खेडुतांची गाणी यांच्या मिश्रणातून १९५० च्या दशकात हे संगीत जन्मास आले. विजेची गिटार, खर्जातील बेस गिटार, ड्रम आणि गाणारा, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. मात्र ते मोठ्या आवाजातच वाजवावे लागते, हे खरे. ढोलकी हळू वाजवून जशी लावणी रंगत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे या संगीतास सर्वांत आधी लागते ती जागा. आपल्याकडील तमाशाची उपमा द्यावयाची तर फडास तंबू घेऊन गावोगाव हिंडावे लागते, आणि संगीत बारीस चौफुल्यासारख्या ठिकाणी हक्काचे थिएटर असते. तेथे कलावंत कोठे भेटतील, हे रसिकास ठाऊक असते. मुंबईच्या रॉक बँडांची अवस्था दीर्घकाळ तंबूवाल्या फडासारखी होती. रंगभवन ही त्यांना लाभलेली बारी.

ही बारी धोबीतलावासच लाभावी, यात एक औचित्य होते. गोव्याहून मुंबईस पोटासाठी येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांचा पहिला मुक्काम याच परिसरात पडे. गावागावांच्या 'कुडी' येथे होत्या. बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशी येथे राही, आणि बँडमध्ये जागा मिळेपर्यंत वादकही येथेच राही. वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके विकणारे फुर्तादो यांचे दुकान १८६५ पासूनचे, तेही याच वस्तीतले. गोव्यातील चर्चच्या शाळांतून 'मेस्त' म्हणजे संगीतशिक्षक मुलांना स्वरलिपी वाचण्यास आणि व्हायोलिन धरण्यास शिकवीत असे. त्याचा हेतू एवढाच, की रविवारच्या मिस्सेस गायकवृंद आणि वादक मिळावेत. पण त्या शिक्षणाने एक पिढीच्या पिढी मुंबईत भाकरी मिळवून गेली. हिंदी चित्रपटांचे संगीतकार चाल गुणगुणत. ती कागदावर उतरवून पन्नास वादकांत वाटून देण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस असे लोक करीत. श्रेयनामावलीत त्यांचे नाव क्वचितच येई, आणि आले तरी साहाय्यक म्हणून.

यांतील अँथनी गोन्साल्विस यांची एक आठवण या जागेच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे. माजोर्डे गावच्या या व्हायोलिनवादकास भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालावयाचा होता. १९५८ साली त्यांनी स्वतःचा भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभारला, आणि शंभराहून अधिक वादक घेऊन झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. म्हणजे रंगभवनाच्या अगदी शेजारी, उघड्या आकाशाखाली, त्या काळी मुंबईत सहसा न होणारा प्रयोग होऊन गेला होता. तो व्यवहारात टिकला नाही. पुढे १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचे नाव गोवले आणि देशभर ते नाव लोकांच्या ओठांवर आले. हे नाव खऱ्या माणसाचे आहे, हे किती जणांना ठाऊक होते, कोण जाणे.

गिटारी हाती घेतलेली मुले मुंबईत १९६० च्या दशकात दिसू लागली. सॅव्हेजेस, जेट्स, मिस्टिक्स, कंबस्टिबल्स अशी त्यांच्या बँडांची नावे. हॉटेलांतील नाच, महाविद्यालयांचे मेळावे आणि एका सिगारेट कंपनीने भरविलेल्या सिमला बीट नावाच्या स्पर्धा यांवर त्यांची गुजराण चाले. या स्पर्धांतील निवडक गाण्यांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या, आणि आज त्या परदेशी संग्राहकांत मोठ्या किमतीस जातात. १९७१ च्या सुमारास आपल्या पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याजवळ मळवली येथे, 'स्नेहयात्रा' नावाचा उघड्यावरचा संगीतमेळा भरला होता. आज मळवलीस उतरणारा प्रवासी कार्ले-भाज्याच्या लेण्यांसाठी उतरतो. त्या मेळ्याची तेथे काही खूण नाही.

१९७२ साली लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईस आले. जगातील मोठमोठी क्रीडांगणे भरविणाऱ्या या दोघांनी मुंबईत वादन केले ते कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' नावाच्या एका लहानशा नाचघरात, स्थानिक वादकांना सोबत घेऊन. त्याच साली त्यांनी मुंबईच्या शास्त्रीय आणि चित्रपटसंगीतातील वादकांबरोबर आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रणही केले. ते अधिकृतपणे प्रकाशित व्हावयास २०१५ साल उजाडावे लागले. लेड झेपेलिनच्या मुंबईतील मैफलींचा सारा इतिहास एवढाच, एक रात्र आणि एक नाचघर. त्या काळी त्यांना वाजवावयास योग्य अशी जागा शहरात होती कोठे?

याच दशकात एका मराठी तरुणाने या संगीतास आपल्या रंगभूमीवर आणले, याचा उल्लेख केल्याविना आम्हांस पुढे जाववत नाही. नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचे चिरंजीव. अलेक पदमसी यांनी १९७४ साली मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक केले, त्यात भेंडे यांनी यहूदाची भूमिका गायली. प्रभूच्या दुःखसहनाची कथा विजेच्या गिटारीवर ऐकावयाची, हे अनेक भाविकांस त्या वेळी रुचले नसेल. पण त्या संगीतकाची सारी बांधणी यहूदाच्या तडफडीवर उभी आहे, आणि तो आवाज मराठी घरातून आला होता. पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेश्तच्या नाटकावरून लिहिलेले 'तीन पैशाचा तमाशा' पुण्याच्या थिएटर अकादमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली आणले. त्यातील अंकुश नंदू भेंडे यांनी केला. लावणी, नाट्यपद आणि रॉक एकाच नाटकात नांदले आणि पुण्याच्या प्रेक्षकाने ते ऐकून घेतले. मराठी रॉकची सुरुवात कोणी विचारली, तर आम्ही या प्रयोगाकडे बोट दाखवू. भेंडे २०१४ साली निवर्तले.

त्याच १९७८ साली रंगभवनाचे नवे आयुष्य सुरू झाले. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे 'जॅझ यात्रा' भरविली. सॉनी रोलिन्ससारखा जगद्विख्यात सॅक्सोफोनवादक रंगभवनाच्या उघड्या मंचावर वाजवून गेला, आणि मुंबईस कळले की आपल्याकडे आकाशाखालचे एक संगीतगृह आहे. मोठ्या हॉटेलात ज्याला पाऊल टाकता येत नव्हते, असा श्रोताही तेथे येऊन बसू शकत होता.

२६ मार्च १९८० रोजी याच मंचावर 'द पोलीस' हा ब्रिटिश बँड उभा राहिला. स्टिंग, अँडी समर्स आणि स्ट्युअर्ट कोपलँड असे हे तिघेच. इंग्लंडात त्यांचा डंका वाजत होता. पाश्चात्त्य बँडांच्या दौऱ्यांत तोवर सहसा नसलेल्या गावी जावयाचे, असे त्यांनी ठरविले होते; मुंबईनंतर ते कैरोस गेले. मुंबईतील कार्यक्रमाचे आयोजन टाइम अँड टॅलंट्स क्लब या धर्मादाय कार्य करणाऱ्या महिलांच्या संस्थेने केले होते. मुंबईत एका रॉक बँडची मैफल ठरते, आणि तिचे यजमानपद कोणा व्यापारी ठेकेदाराकडे नसून समाजसेवी भगिनींकडे असते, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते. या एका संध्याकाळीने शहरातील पोरांच्या मनात एक गोष्ट पक्की केली. रॉक ही तबकडीवर ऐकण्याची वस्तू राहिली नाही. ती धोबीतलावास घडू शकते.

चार वर्षांनी, १९८४ साली, मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड स्थापन झाला. गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बलापोरिया आणि गायनास उदय बेनेगल अशी त्यांची फळी हळूहळू जमली. पुढे गिटारवर जयेश गांधी आले. या यादीवरून नजर फिरविली तरी मुंबई म्हणजे काय, ते ध्यानात यावे. आरंभी तेही इतरांप्रमाणे परदेशी बँडांची गाणी हुबेहूब वाजवीत. श्रोत्यांना तेच हवे असे. ओळखीचे गाणे आले नाही की आरडाओरड होई. पण परक्याच्या गाण्यावर किती दिवस जगावयाचे, हा प्रश्न त्यांना पडला, आणि त्यांनी स्वतःची गाणी रचून गाण्याचा हट्ट धरला. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वरचित गाण्यांचा संग्रह त्यांनी काढला, १९९० साली दुसरा. गाणी इंग्रजी होती, हे खरे. तथापि आपल्या नावाने, आपल्या चालीने उभे राहण्याचे धाडस त्यांत होते, आणि भारतीय रॉकच्या इतिहासात याचे श्रेय त्यांना सर्वत्र दिले जाते.

या बँडला मुंबईचा श्रोता जोडून देण्यात रंगभवनाचा वाटा मोठा. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी तेथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन श्रावणात, छप्पर नसलेल्या जागी गाण्याचा कार्यक्रम ठेवणे हा शहाणपणा नव्हे, असे कोणीही म्हणेल. पाऊस यावयाचा तो येई, पोरे भिजत, आणि वाद्यांवर ताडपत्री पडे. तरीही दरवर्षी काळे सदरे घातलेली महाविद्यालयीन मुले तेथे लोटत. लोकलने यावे, ऐकावे आणि लोकलने घरी जावे, असा तो मध्यमवर्गीय सोहळा होता. बंगळूर, दिल्ली आणि ईशान्येकडील बँडांना मुंबईचे दार उघडले ते येथेच. जत्रेत जसा एका फडाच्या शेजारी दुसऱ्याचा तंबू लागतो आणि कोणाचा रंग अधिक चढतो याची चुरस असते, तसा प्रकार एकाच मंचावर पाळीपाळीने चाले.

१९९३ साली रॉक मशीनने आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेवले. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रीटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीस एम टीव्हीचा आशियाई पुरस्कार मिळाला. १९९५ साली नव्या नावाने संग्रह निघाला. त्यात तबला, सारंगी अशा वाद्यांकडे त्यांचे लक्ष वळलेले जाणवते. पण तोवर देशात दूरचित्रवाहिन्यांची लाट आली होती, आणि कंपन्यांना हिंदी पॉप हवा होता. १९९७ साली इंडस क्रीड विसर्जित झाला. बेनेगल अमेरिकेस गेले. तेरा वर्षांची ही कारकीर्द होती, आणि तिच्या भरभराटीचा काळ व रंगभवनाच्या भरभराटीचा काळ जवळजवळ एकच आहे.

आता रंगभवन मुके झाले त्याविषयी. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवतालचा १०० मीटरचा परिसर 'शांतता क्षेत्र' ठरला. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल एवढीच मर्यादा. चारचौघांचे साधे बोलणेही याहून मोठे भरते. २००३ साली डॉ. यशवंत ओक, सुमैरा अब्दुलाली आदी नागरिक या नियमांच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने शांतता क्षेत्रे निश्चित करण्यास फर्माविले. रंगभवनाच्या एका अंगास १८८६ पासूनचे कामा रुग्णालय, जवळच त्याहून जुने गोकुळदास तेजपाल रुग्णालय, पलीकडे न्यायालय आणि पाठीस पाठ लावून महाविद्यालय. त्यास सुटका नव्हती. त्या साली तेथील ध्वनिक्षेपक बंद झाले ते झालेच.

याचिका करणाऱ्यांस दोष देण्याचा आमचा विचार नाही. कामा हे स्त्रियांचे आणि बालकांचे रुग्णालय आहे. प्रसूतीच्या वेदना सोसणाऱ्या मातेस शेजारी ड्रम ऐकावयाचा नसतो, आणि तिचा हक्क गिटारवाल्या पोराच्या हौसेहून मोठा आहे. आमचे म्हणणे निराळे आहे. शासनाने स्वतःच्या मालकीचे, पाव शतक चाललेले एक संगीतगृह बंद केले, तर तेवढ्याच माफक भाड्याचे आणि तितकेच मध्यवर्ती दुसरे गृह देण्याची जबाबदारी कोणाची? ती कोणीच उचलली नाही. त्याच २००३ सालच्या ७ एप्रिलला रोलिंग स्टोन्स हा बँड ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला होता. ज्यांच्या पाठीशी मोठे प्रायोजक होते, त्यांना मैदाने मिळत राहिली. १९९६ साली मायकेल जॅक्सनच्या अंधेरीतील कार्यक्रमास तर करमणूक करही माफ झाला होता आणि तो वाद न्यायालयात गेला. अडले ते घरच्या बँडांचे. इंडिपेंडन्स रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानाकडे सरकला, पुढे काही वर्षे बंदच राहिला, आणि २०२२ साली माझगावच्या हिरवळीवर पुन्हा भरला. परळच्या बंद गिरणीच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' नावाची उत्तम ध्वनिव्यवस्थेची जागा निघाली. पण ती मद्यगृहासह होती आणि २०१६ साली मिटली. इंडस क्रीड २०१० साली पुन्हा एकत्र आला आणि २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह काढला. गाणी पहिल्याहून प्रौढ होती. ज्या मंचावर बँडची कीर्ती वाढली तो मात्र बंदच होता.

रंगभवनाच्या जागेवर मराठी भाषा भवन बांधावे, असे शासनाने मध्यंतरी घाटले होते. ती वास्तू वारसा सूचीत असल्यामुळे बांधकामास अडचण आली, आणि अखेर २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्यास, भाषा भवनाचे भूमिपूजन चर्नी रोड येथे झाले. म्हणजे वारसा म्हणून पाडावयाचे नाही आणि शांतता क्षेत्र म्हणून वाजवावयाचे नाही, अशी त्या जागेची कोंडी झाली.

इकडे आपल्या भागात पाहावे. नियम तोच आहे. शिरूर काय, दौंड काय, हळदीच्या रात्री आणि मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती ग्रामीण रुग्णालयावरून आणि शाळेवरून दणदणत जातात. खिडक्यांची तावदाने थरथरतात. त्या भिंतींना पत्ता नसतो. सकाळी त्या दुसऱ्या गावी गेलेल्या असतात. कायदा ज्याच्यापर्यंत सहज पोहोचतो तो पत्ता असलेला कलावंत: ज्याने परवाना काढला आहे, तिकिटे फाडली आहेत, तंबू ठोकला आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशा कलावंतांचे नावाजलेले गाव. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर येथलेच. २०२१ साली ते निवर्तले. आयुष्यभर त्यांनी फडांसाठी वग लिहिले, आणि वग म्हटला की तो उत्तररात्रीचा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नको, हा नियम आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो आणखी पक्का केला. सवलत मिळते ती वर्षातील मोजक्या, फार तर पंधरा दिवसांना, आणि तीही मध्यरात्रीपर्यंत. जत्रांचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. उन्हे उतरून, जेवणे आटोपून माणसे तंबूकडे वळतात तीच नवाच्या पुढे. गण होतो, गौळण होते, सोंगाड्या पहिला हशा घेतो, आणि राजाचा दरबार भरण्याच्या सुमारास पोलीस पाटील फडमालकाकडे येऊन घड्याळ दाखवितो.